गिनी नक्की कुठली? चार देश, एक कोंबडी, एक 'डुक्कर' आणि एक सोन्याचं नाणं

पाणवठा (धागाकर्ता)

जगाच्या नकाशावर गिनी हे नाव चार देश लावतात. गिनी, गिनी-बिसाऊ आणि इक्वेटोरियल गिनी हे तिघे आफ्रिकेच्या पश्चिम अंगाला. चौथा पापुआ न्यू गिनी, तो पार पॅसिफिकमध्ये, ऑस्ट्रेलियाच्या डोक्यावर. एवढ्यावर भागत नाही. गिनी फाउल नावाची ठिपक्याठिपक्यांची कोंबडी आहे, गिनिपिग आहे, आपण ज्याला नारू म्हणतो त्याला इंग्रजीत 'गिनी वर्म' म्हणतात, गोठेवाल्यांकडे गिनी गवत असतं आणि जुन्या सराफांच्या तोंडी गिनीचं सोनं. हे सगळं एकाच गावचं कसं, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात होता. वाचून जे हाती लागलं ते मांडतो, पुढची भर तुम्ही घाला.

नाव पोर्तुगिजांनी रूढ केलं. पंधराव्या शतकात त्यांची गलबतं आफ्रिकेचा किनारा धरून खाली खाली सरकत होती. सेनेगल नदीच्या उत्तरेला त्यांना वाळवंटातले बर्बर लोक भेटले, दक्षिणेला काळ्या वर्णाचे. या दक्षिणेकडच्यांना ते 'गिनेऊ' म्हणू लागले आणि त्यांचा मुलूख तो 'गिने'. १४५३ च्या सुमारास लिहिलेल्या एका पोर्तुगीज बखरीच्या नावातच गिने आहे. १४८२ मध्ये त्यांनी आजच्या घानात एल्मिनाचा किल्ला बांधला, आणि पुढे तीनच वर्षांत राजा दुसरा जुआंव स्वतःला 'गिनेचा स्वामी' म्हणवून घेऊ लागला. प्रत्यक्ष ताब्यात काय, तर किनाऱ्यावरची एखाददुसरी गढी. बिरुदं घ्यायला जमीन लागत नाही!

पोर्तुगिजांनी हा शब्द उचलला कुठून, यावर तीन मतं आहेत. एक, बर्बर भाषेत काळ्या माणसाला जे म्हणत त्यावरून. (मोरोक्कोतल्या ग्नावा लोकांचं नावही त्याच घरातलं मानतात.) दुसरं, जुन्या घाना राज्यावरून. तिसरं, नायजरच्या खोऱ्यातल्या जेन्ने या बाजारपेठेवरून. मला पहिलं पटतं, कारण पोर्तुगीज बर्बरांच्या मुलखातूनच पुढे सरकले होते. वाटेत भेटलेल्या माणसाला 'पलीकडे कोण राहतं?' विचारायचं आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं, अशीच बरीचशी नावं नकाशांवर चढली आहेत.

मग या किनाऱ्याचे तुकडे पडले. फ्रान्सच्या वाट्याची ती फ्रेंच गिनी, पोर्तुगालची पोर्तुगीज गिनी, स्पेनची स्पॅनिश गिनी. ज्याच्या मुठीत जो तुकडा, त्याची ती गिनी. १९५८ मध्ये फ्रान्सचा नेता द गॉल यानं आफ्रिकेतल्या वसाहतींना कौल विचारला : फ्रान्सच्या छत्राखाली राहता की वेगळे होता? एकट्या गिनीनं ठणकावून 'नाही' सांगितलं, ९५ टक्क्यांहून जास्त मतांनी, आणि २ ऑक्टोबरला सेकू तुरेंच्या नेतृत्वाखाली तो देश मोकळा झाला. फ्रेंच असे रागावले की जाताना कचेऱ्यांमधली यंत्रसामग्रीसुद्धा उचलून नेली. नुसतं 'गिनी' हे नाव या पहिल्यानं घेतलं. मागून येणाऱ्यांना शेपूट जोडणं भाग होतं : एकानं राजधानीचं नाव लावलं, दुसऱ्यानं विषुववृत्ताचं.

इंग्रजांच्या ताब्यातला किनारा मात्र 'गोल्ड कोस्ट' होता. १९५७ मध्ये स्वतंत्र होताना त्यानं शेकडो मैल उत्तरेला असलेल्या जुन्या साम्राज्याचं नाव घेतलं, घाना. वरचं दुसरं मत खरं धरलं तर हीसुद्धा एक गिनीच म्हणायची, फक्त मागच्या दारानं आलेली.

कोंबडी, डुक्कर, नाणं यांच्यावर जाणकारांनी लिहावं.

खडीसाखर

मस्त धागा. एक गंमत राहिली. इक्वेटोरियल गिनीच्या जमिनीवरून विषुववृत्त जातच नाही! देशाचा मुख्य भूभाग आणि बायोको बेट रेषेच्या उत्तरेला, अन्नोबोन हे छोटं बेट दक्षिणेला. रेषा मधल्या पाण्यातून जाते. शेजारच्या साओ टोमेच्या एका चिमुकल्या बेटावरून मात्र ती खरोखर जाते, आणि त्या देशाच्या नावात विषुववृत्ताचा पत्ता नाही. प्रश्नमंजूषेत हा प्रश्न टाकला की अर्धा वर्ग आडवा.

मांडवीकाठ

गिनी-बिसाऊबद्दल दोन ओळी, गोव्याच्या बाजूनं. तिथल्या मुक्तिलढ्याचे नेते अमिल्कार काब्राल. २० जानेवारी १९७३ ला त्यांची हत्या झाली ती कोनाक्रीत, म्हणजे शेजारच्या 'नुसत्या' गिनीच्या राजधानीत, कारण त्यांच्या संघटनेचं ठाणं तिथे होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या लोकांनी स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं. पोर्तुगालनं ते मान्य केलं सप्टेंबर १९७४ मध्ये, लिस्बनमधली हुकूमशाही त्या एप्रिलात उलथली म्हणून. आणि गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालनं कागदावर कधी मानलं? १९७४ च्याच ३१ डिसेंबरला. आपण १९६१ ला सुटलो, त्यांचं युद्ध १९६३ ला पेटलं, पण दोन्ही फायली एकाच क्रांतीनं बंद केल्या. आमच्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही.

पेढीवरचा

नाण्याचं माझ्याकडे. तीन पिढ्या सराफी, त्यामुळे हा शब्द रक्तात आहे.

गिनी हे नाणं इंग्लंडच्या टांकसाळीत १६६३ पासून पाडलं. सोनं यायचं आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून, तिथे व्यापाराची सनद असलेल्या इंग्रज कंपनीमार्फत. त्या कंपनीच्या सोन्याच्या नाण्यांवर राजाच्या मुखवट्याखाली बारीकसा हत्ती असतो, काहींवर हत्ती आणि त्याच्या पाठीवर गढी. हीच कंपनी गुलामांचाही व्यापार करायची, म्हणजे तो हत्ती दिसतो तेवढा गोंडस नाही.

सुरुवातीला एक गिनी म्हणजे २० शिलिंग असं ठरलं होतं. पण सोन्याचा भाव काही राजाचं ऐकत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस गिनी ३० शिलिंगापर्यंत चढली. शेवटी १७१७ मध्ये तिची किंमत २१ शिलिंगांवर बांधली, आणि त्या वेळी टांकसाळीचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन. होय, तोच. १८१४ नंतर गिनी पाडणं बंद झालं, तिच्या जागी २० शिलिंगांचं सॉव्हरिन आलं. नाणं गेलं तरी हिशेब उरला : वकील, डॉक्टर, चित्रकार यांची फी पुढे दीडशे वर्षं गिनीत सांगितली जायची. बड्या लोकांना शिलिंगात बोलणं कमीपणाचं वाटे.

आपल्याकडे जी 'गिनी' पेढीवर यायची ती खरं तर बहुतेक वेळा सॉव्हरिनच, राणीच्या नाहीतर राजाच्या छापाचं. वजन आठ ग्रॅमला किंचित कमी. जुन्या गिनीचं साडेआठच्या आतबाहेर. दोन्ही २२ कॅरट, म्हणून २२ कॅरटच्या सोन्यालाच 'गिनी सोनं' म्हणायची पद्धत पडली. बंगालकडे हा शब्द अजून जोरात चालतो. आमच्याकडे मोडीला आलेल्या माळांमध्ये मागून कडी लावलेल्या गिन्या निघतात. मी सहसा वितळवू देत नाही, गिऱ्हाइकाला म्हणतो असू दे घरात.

अवांतर : महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'इंडियन वन थाउजंड गिनीज' आणि 'टू थाउजंड गिनीज' या शर्यती होतात, त्यातलं गिनीज हेच. इंग्लंडमधल्या मूळ शर्यतींच्या बक्षिसाचा तो आकडा. तिकडच्या घोड्यांच्या लिलावात अजून बोली गिनीत लागते. एक गिनी म्हणजे १ पौंड ५ पेन्स, वरचे ५ पेन्स परंपरेनं लिलाववाल्याचे.

कुतूहल_कोथरूड

मग गिनिपिगचं सरळ आहे की. एक गिनी किंमत पडायची म्हणून गिनिपिग. शाळेत आम्हाला असंच सांगितलं होतं.

उंदीरमामा

गोष्ट छान आहे, पण सनावळीत बसत नाही. नाणं आलं १६६३ मध्ये, आणि विल्यम हार्वी, म्हणजे रक्ताभिसरणाचा शोध लावणारा डॉक्टर, त्याच्या १६५३ च्या इंग्रजी लिखाणात हा प्राणी 'गिनी-पिग' म्हणून येतो. दहा वर्षं आधी. नाण्यावरून नाव पडणं शक्य नाही.

आधी प्राण्याबद्दल. हा डुक्कर नाही, कृंतक आहे. आफ्रिकेचाही नाही. त्याचं घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, पेरू-बोलिव्हियाकडे. तिथले लोक त्याला हजारो वर्षं घरात पाळतात, आणि लाडासाठी नव्हे, खायला. स्वयंपाकघरातच चुलीच्या उबेला हिंडत असतात. स्थानिक नाव 'कुय', त्याच्या आवाजावरून. कुस्कोच्या कॅथीड्रलमध्ये येशूच्या शेवटच्या भोजनाचं अठराव्या शतकातलं एक चित्र आहे, त्यात मधल्या ताटात पाय वर करून पडलेला भाजका प्राणी बहुतेकांच्या मते कुयच.

मग गिनी का? एक तर्क असा की स्पॅनिश-पोर्तुगीज मालाची जहाजं गिनी किनाऱ्यावरून फिरून येत, म्हणून बंदरावरच्या लोकांना वाटलं हा प्राणी तिकडचाच. दुसरा तर्क, गयाना आणि गिनी यांची गल्लत. तिसरा, आणि मला हाच जास्त पटतो, की त्या काळच्या इंग्रजाला गिनी म्हणजे 'कुठलंतरी लांबचं' एवढंच अभिप्रेत होतं.

तिसऱ्याला आधार काय? बाकीच्यांनी याच प्राण्याला काय म्हटलं ते बघा. फ्रेंचांसाठी तो 'हिंदचं डुक्कर', पोर्तुगिजांसाठी 'हिंदचं डुकरू', स्पॅनिशमध्ये 'इंडीजचा ससुला', जर्मनांसाठी 'दर्यापारचं डुकरू' आणि चिन्यांसाठी 'डच डुक्कर'. ज्याला जो परका आठवला त्याच्या गळ्यात बांधला.

प्रयोगाला वापरण्याचा अर्थही असाच चिकटला. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिएनं १७८० च्या दशकात शरीरातली उष्णता मोजायला बर्फाच्या भांड्यात गिनिपिग बसवला होता. रॉबर्ट कॉखनं क्षयाच्या जंतूंसाठी वापरले. १९०७ मध्ये नॉर्वेत दोन संशोधकांना गिनिपिगमध्ये स्कर्व्ही उभा करता आला, कारण आपल्यासारखंच त्यांनाही क जीवनसत्त्व शरीरात बनवता येत नाही. आता आपल्या पेपरांत दर आठवड्याला कुणी ना कुणी 'आम्हाला गिनिपिग बनवलं' म्हणत असतं.

रानकोंबडा

हिंदचं डुकरू वाचून हसू आवरेना. आता आमची बाजू.

गिनी फाउल मात्र खरोखर आफ्रिकेची. ग्रीक-रोमन लोकांना ती उत्तर आफ्रिकेमार्गे माहीत होती, मध्ये युरोप तिला जवळजवळ विसरला आणि पोर्तुगिजांनी गिनी किनाऱ्यावरून पुन्हा आणली. नावांची रांग बघा : इंग्रजांची गिनीची कोंबडी, पोर्तुगिजांची अंगोलाची, इटालियन लोकांची फेरोची, म्हणजे इजिप्तच्या राजाची, आणि शास्त्रीय नावात नुमिदिया, म्हणजे आजचा अल्जेरियाचा भाग. एका कोंबडीच्या पायात अख्खा खंड.

घोळ पुढे आहे. हीच कोंबडी इंग्लंडात तुर्की व्यापाऱ्यांच्या हातूनही पोचली, म्हणून तिला 'टर्की' कोंबडी म्हणायचे. मग मेक्सिकोतून दुसराच, मोठा पक्षी आला. लोकांनी त्यालाही टर्की म्हटलं आणि नाव त्याच्याकडेच राहिलं. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं तर कळसच केला. गिनी फाउलचं जुनं ग्रीक नाव 'मेलिआग्रिस' उचलून अमेरिकी टर्कीच्या प्रजातीला देऊन टाकलं.

आणि तुर्कस्तानात टर्कीला काय म्हणतात? 'हिंदी'. फ्रेंच म्हणतात 'हिंदची'. डच म्हणतात 'काल्कून', कालिकतवरून, आपलं कोळिकोड! पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. बिचाऱ्या मेक्सिकोचं नाव कुणीच घेत नाही.

आपल्याकडे हा पक्षी आला गोव्यातून. १६१२ मध्ये मुकर्रब खाननं जहांगीर बादशहासाठी गोव्याच्या बंदरात दुर्मीळ चिजा खरेदी केल्या, त्यात टर्की होता. जहांगीरनं आठवणींत लिहून ठेवलंय की याचं नावही कुणाला ठाऊक नाही आणि डोकं-मान सरड्यासारखी रंग बदलते. लगेच चितारायला सांगितलं. उस्ताद मन्सूरनं काढलेलं ते चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. सबंध प्रकरणात नाव माहीत नाही असं सांगणारा हा एकच माणूस, बाकी सगळ्यांनी ठोकून दिलं.

कुतूहल_कोथरूड

म्हणजे आपण खातो तो पेरू आणि पोर्तुगिजांचा टर्की एकच शब्द?

मांडवीकाठ

तेवढं सोपं नाही. पेरूच्या फळाला पोर्तुगीजमध्ये 'गोयाबा' म्हणतात. आपल्या शब्दाचं मूळ काही जण 'पेरा', म्हणजे नाशपती, यात बघतात, काही जण पेरू देशाच्या नावात. यावर वेगळा धागा काढा. तिथे मी भांडायला येतो.

निवृत्त_आरोग्यसेविका

तुमच्या यादीत नारू एका ओळीत संपवलात. आम्ही नोकरीची सुरुवातीची वर्षं त्याच्यामागे काढली, म्हणून लिहिते.

नारूच्या नावातही दोन गावं आहेत. इंग्रजीत गिनी, शास्त्रीय नावात मदिना. युरोपच्या खलाशांना तो गिनी किनाऱ्यावर दिसला, अरब हकिमांना त्याआधीच माहीत होता, ते त्याला मदिन्याची नस म्हणत. खरं तर तो दोघांच्याही मालकीचा नव्हता. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, आंध्र, कर्नाटक, आणि आपला महाराष्ट्र, सगळीकडे होता. ज्याच्या पायातून निघायचा त्याला कुठल्या देशाचं नाव आहे याची पडलेली नसायची.

चक्र असं : पायऱ्यांच्या विहिरीत, बारवेत माणूस उतरून पाणी भरतो. पायाच्या फोडातून मादी जंत पाण्यात पिल्लं सोडते. पाण्यातला सायक्लॉप्स हा कोळंबीच्या जातकुळीतला बारीक जीव ती गिळतो. ते पाणी गाळल्याशिवाय प्यायलं की साधारण वर्षभरानं तुमच्या पायाला फोड. मादी जवळजवळ मीटरभर लांब असते. काडीवर रोज थोडी थोडी गुंडाळत काढायची, घाई केली आणि तुटली तर पाय सुजून माणूस महिनाभर आडवा. नेमका पेरणीच्या दिवसांत आला म्हणजे घरदार बसलं.

यावर लस नाही, गोळी नाही. केलं ते एवढंच : पाणी दुहेरी कापडानं गाळा, फोड आलेल्याला पाण्यात उतरू देऊ नका, पायऱ्या बंद करून विहिरीला रहाट किंवा हातपंप बसवा, पाण्यात औषध टाका. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. १९८६ च्या सुमारास जगात वर्षाला ३५ लाख रुग्ण होते असा अंदाज होता, आता वर्षाकाठी मोजून दहा-पंधरा माणसं, तीही आफ्रिकेतच. हल्लीच्या नर्सिंगच्या मुलींना नारू फोटोतच दाखवावा लागतो. गाळण्याच्या कापडाची ती मोहीम मात्र कुणी लिहून ठेवायला हवी, भाषणं सोडून.

पाणवठा

ताई, यावर तुम्हीच स्वतंत्र धागा काढा, ही विनंती नाही, आग्रह आहे.

चौथ्या गिनीचं राहिलं होतं. १५४५ मध्ये ओर्तिझ दे रेतेस हा स्पॅनिश दर्यावर्दी मसाल्याच्या बेटांतल्या तिदोरेहून मेक्सिकोला परतायच्या खटपटीत होता. वाटेत एका प्रचंड बेटाच्या उत्तर किनाऱ्याला लागला. तिथली माणसं आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरच्यांसारखी दिसतात, एवढ्यावरून त्यानं नाव ठेवलं नुएवा गिनेआ. 'पापुआ' हे नाव त्याआधी पोर्तुगिजांच्या तोंडी होतं. पुढे बेटाची वाटणी झाली : पश्चिमेला डच, ईशान्येला जर्मन, आग्नेयेला ब्रिटिश. पूर्वेकडचे दोन भाग ऑस्ट्रेलियाच्या हाताखाली एकत्र आले आणि १६ सप्टेंबर १९७५ ला पापुआ न्यू गिनी म्हणून स्वतंत्र झाले. आठशेच्या वर भाषा बोलणारा देश, आणि नाव त्वचेच्या रंगावरून, तेही दुसऱ्या खंडातल्या लोकांच्या. त्यांच्या चलनाला 'किना' म्हणतात, त्याचा मात्र गिनीशी काही संबंध नाही. तो तिथल्याच एका भाषेतला शिंपल्यासाठीचा शब्द.

कोरोमंडल

कापड विसरलात सगळे. 'गिने' नावाचं निळीत रंगवलेलं जाडंभरडं सुती कापड होतं. विणलं आणि रंगवलं जायचं पुदुच्चेरीच्या आसपास, फ्रेंच ते न्यायचे सेनेगल नदीकाठी, आणि तिथे डिंकाच्या व्यापारात ते चक्क चलन म्हणून चालायचं. म्हणजे हिंदुस्थानी माल, ज्याला गिऱ्हाइकाच्या गावाचं नाव. इथे नावाचा प्रवास उलटा झालाय. मालदीवच्या कवड्यांचंही तसंच. भरताड म्हणून जहाजाच्या तळाशी घालून युरोपात न्यायच्या, तिथून गिनी किनाऱ्यावर, आणि त्यांच्या बदल्यात माणसं विकत घ्यायची. घानाच्या आजच्या चलनाचं नाव 'सेदी', म्हणजे कवडी.

मोसंबीवाला_जालना

युरोपियनांना हसताय खरे, पण आमच्या बागेतली मोसंबी मोझांबिकवरून आली असं मानतात. विलायती चिंच मुळात मेक्सिकोची, इंग्रजीत तीच मनिलाची, कारण स्पॅनिश लोकांनी ती फिलिपीन्समार्गे फिरवली. आणि गोरखचिंच? तो आफ्रिकेचा बाओबाब. तिथे आपण देशाचं नाव पार पुसून नाथांचं लावलं.

पाणवठा

गोरखचिंचेचं उदाहरण भारी. बाकी मोसंबी, मनिला, कालिकत, सगळीकडे मला एकच गोष्ट दिसते. नाव जन्मगावाचं चिकटत नाही, माल शेवटी ज्या धक्क्यावर चढला त्याचं चिकटतं.

उंदीरमामा

कुय त्यात बसत नाही. हिंदुस्थानच्या धक्क्यावर तो चढला कधी? आणि नुएवा गिनेआत तर माल नव्हताच, फक्त माणसं होती. धक्क्याची थिअरी नाण्याला आणि कोंबडीला चालेल, सरसकट नको.

गोठेकर

गिनी गवताचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून शेवटी आलो. हे गवत खरंच आफ्रिकेचं, त्यामुळे नावाबद्दल तक्रार नाही. नेपियर या दुसऱ्या चाऱ्याच्या गवताइतकं भरमसाट उत्पादन देत नाही, पण पान मऊ, काडी बारीक, जनावर उष्टं टाकत नाही. मुख्य गुण म्हणजे सावली सोसतं. आंब्या-नारळाच्या बागेत झाडांखाली जागा पडून असते, तिथे ठोंब लावा. बियाण्यापेक्षा ठोंबच बरे, बी बारीक असतं आणि उगवण बेभरवशाची. पाणी असेल तर वर्षभर कापण्या मिळतात. फुलोऱ्यावर जाऊ देऊ नका, निबर होतं. आणि रानकोंबडा, तुमच्या गिनी कोंबड्या त्या बागेत सोडायच्या असतील तर शेजाऱ्याला आधी विचारा. कुत्रं गप्प बसेल, या बसत नाहीत.